काय काढलं, काय राहिलं

माझ्या सासूबाई ऑपरेशन थिएटरच्या दारात ट्रे घेऊन उभ्या राहिल्या की भल्याभल्या पुरुषांना खिडकीबाहेरचं झाड बघावंसं वाटतं. त्या झाडात बघण्यासारखं काहीही नाही. हॉस्पिटलच्या मागच्या आवारातलं ते एक खुरटं झाड आहे, त्याच्या बुंध्याशी मोडक्या खाटा रचून ठेवलेल्या असतात. पण आत बायकोचं ऑपरेशन झालं की नवऱ्यांना ते फार आवडतं.

"इकडे बघा," सासूबाई म्हणतात.

"बघितलं, बघितलं."

"झाड बघितलंत. आता हे बघा."

मग तो बिचारा बघतो. सासूबाई हातमोजा घातलेल्या बोटाने दाखवतात. ही पिशवी, या तिच्यातल्या गाठी, बाकीचं आत शाबूत आहे. एवढ्यावर सुटका नसते. "आता तुम्ही सांगा, काय काढलं?" पिशवी, तो म्हणतो. "आणि काय राहिलं?" इथे बहुतेक जण अडखळतात. मग पहिल्यापासून पुन्हा. वर्गात उभं केलेल्या पोरासारखा घाम फुटलेला मी एक बँक मॅनेजर पाहिलाय. "त्या शुद्धीवर आल्या की पहिलं हेच विचारणार आहेत," सासूबाई त्याला म्हणाल्या. "तेव्हा झाडाचं वर्णन करू नका."

त्यांना आधीपासून अशी खोड नव्हती. ती कशी लागली हे सांगायचं तर माझ्या माहेरची लक्तरं थोडी बाहेर काढावी लागतील. पण आता त्याला बराच काळ लोटलाय, आणि ज्यांची लक्तरं आहेत ते स्वतःच हा किस्सा पाहुण्यांना रंगवून सांगतात.

हॉस्पिटलात सासूबाईंना लहानथोर सगळे मावशी म्हणतात. थिएटरच्या मावशी. हत्यारं धुणं, कापडाच्या घड्या बांधून वाफेच्या यंत्रात लावणं, पेशंटला गाडीवरून आत नेणं आणि बाहेर आणणं ही त्यांची कामं. आणि ट्रे दाखवणं. पेशंटच्या पोटातून जे काही काढलं जातं ते आधी बाहेर बसलेल्या नातेवाइकांना दाखवायचं आणि मगच बरणीत घालून तपासायला पाठवायचं, अशी तिथली पद्धत आहे. ती कुणी सुरू केली ते कुणाला ठाऊक नाही, पण का सुरू केली असेल ते कळतं. दाखवलं नाही तर लोक म्हणतात, उगीच पोट फाडलं, आत काही नव्हतंच. म्हणून सगळ्यांना दाखवायचं. नवरा बघतो, सासू बघते, दीर बघतो, डबा घेऊन आलेली शेजारीण हळूच मान उंचावून बघते. ज्या बाईचं ते असतं ती तेवढी झोपलेली असते.

त्या ट्रेचा आकार मूत्रपिंडासारखा असतो, म्हणून त्याला किडनी ट्रे म्हणतात. एकदा आतून सिस्टर ओरडल्या, "मावशी, किडनी ट्रे आणा," आणि बाहेर बाकावर बसलेले एक सासरे जागच्या जागी आडवे झाले. पिशवीसाठी आणलं होतं आणि किडनीही काढली म्हणून! त्यांना दोन दिवस सुनेच्या शेजारच्याच वॉर्डात ठेवावं लागलं. सासूबाई हा किस्सा जेवताना सांगतात. त्यांचे सगळे किस्से जेवतानाच येतात. माझ्या नवऱ्याचं लहानपण त्यातच गेल्यामुळे तो शांतपणे भात कालवत असतो. मला सवय व्हायला वेळ लागला.

थिएटरच्या फळ्यावर सकाळी लिहिलेलं असतं, हिस्टरेक्टॉमी. गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन. फळ्यावरून हा शब्द खाली उतरला की त्याची प्रत्येकाच्या तोंडी वेगळी गत होते. सिस्टर त्याचं शेपूट तोडून टाकतात. बायका 'पिशवीचं ऑपरेशन' म्हणतात, लाजऱ्या असल्या तर 'मोठं ऑपरेशन'. नवरे 'ते ऑपरेशन' म्हणतात आणि पटकन विषय बदलतात. आणि वाड्यावस्तीवर, जिन्यात, दुकानाच्या रांगेत जे बोललं जातं ते असं की, अहो, तिचं सगळं काढून टाकलं.

या 'सगळं'वर सासूबाईंचा फार राग. "सगळं म्हणजे काय? भाड्याची खोली रिकामी केली का?" मी नवी नवरी असताना त्यांनी मला हे जेवणाच्या टेबलावरच समजावून सांगितलं होतं. मूठ उलटी धरली. ही पिशवी, एवढीच असते, गाठी झाल्या की फुगते. मग ताटलीतले दोन बदाम उचलून मुठीच्या दोन बाजूंना ठेवले. ही अंडाशयं. पिशवी काढली तर पाळी थांबते आणि मूल होत नाही, एवढंच. बाईच्या अंगातलं बाकीचं तंत्र या बदामांवर चालतं. ते आत राहिले तर बाई आहे तशी राहते. पाळी जायच्या वयाआधीच ते काढावे लागले, तर जे हळूहळू व्हायचं ते एकदम अंगावर येतं. अंगाची आग होते, झोप उडते, रडू येतं. "म्हणून पिशवी काढली एवढं सांगून भागत नाही," त्या म्हणाल्या. "काय काढलं हे अर्धं झालं. काय राहिलं तेही सांगायला पाहिजे." एवढं बोलून त्यांनी दोन्ही अंडाशयं तोंडात टाकली.

हे ज्ञान त्यांनी तिथल्या डॉक्टरबाईंना विचारून विचारून मिळवलं होतं. डॉक्टरबाई ऑपरेशननंतर हात धुताना गप्पिष्ट होतात, आणि साबण द्यायला सासूबाई शेजारी असतात. दुपारी काम आटपलं की सासूबाई वॉर्डात जायच्या, नुकत्या जाग्या झालेल्या बाईच्या कानाशी वाकून मूठ दाखवायच्या आणि सांगायच्या, एवढी होती, हे काढलं, हे ठेवलंय. हे कुणी त्यांना नेमून दिलेलं काम नव्हतं. पण बायका त्यांची वाट बघायच्या. डॉक्टरबाई राउंडला येऊन "सगळं छान झालं" म्हणून गेल्या तरी बाईचा जीव मावशी येऊन गेल्यावरच भांड्यात पडायचा. सासूबाईंना याचा अभिमान होता, आणि मला विचाराल तर गरजेपेक्षा थोडा जास्तच होता.

आता माझी आई. मला दोन आया. सासूबाईंना मी 'अहो आई' म्हणते आणि जन्मदातीला 'ए आई', त्यामुळे दोघी एका खोलीत असल्या तरी गोंधळ होत नाही. या दोघींचं एकमेकींशी विहिणी-विहिणींचं असतं तसंच होतं. हसून बोलायच्या आणि घरी आल्यावर माझ्याकडे तक्रार करायच्या. आईच्या मते सासूबाईंना बोलण्याचं ताळतंत्र नव्हतं. सासूबाईंच्या मते आई म्हणजे काचेचं सामान. पण दुखण्याखुपण्याच्या बाबतीत आईला सासूबाईंचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. "आमच्या विहीणबाई थिएटरमध्ये असतात," असं ती शेजारणींना सांगायची, आणि ते अशा सुरात की शेजारणींना वाटावं, विहीणबाईच ऑपरेशनं करतात.

आई पडद्यांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक खिडकीची मापं घेऊन यायचं, आणि कापड किती लागेल, चुण्या किती पडतील, नक्षी कुठे जुळवायची ते आई ठरवायची आणि स्वतः कापायची. भारीतलं कापड मालक दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसत. तिची पिशवी गाठींनी फुगली, महिन्यातले निम्मे दिवस अंगावरून जायला लागलं, ती पांढरीफटक पडली, तेव्हा सासूबाईंनीच तिला डॉक्टरबाईंकडे नेलं. ठरलं ते असं की पिशवी काढायची, अंडाशयं ठेवायची. आईचं वय पंचेचाळिशीच्या आतच होतं.

नात्यातल्या माणसाचं ऑपरेशन असलं की कर्मचाऱ्याने त्या थिएटरमध्ये थांबायचं नाही, असा तिथला नियम आहे. त्यामुळे त्या दिवशी सासूबाईंना खालच्या मजल्यावर वाफेच्या यंत्रापाशी पाठवलं होतं. ट्रे घेऊन दुसरीच एक बाई बाहेर आली, बदलीवर आलेली. मी तेव्हा औषधं आणायला गेले होते. बाकावर माझे बाबा एकटेच होते. मी परत आले तेव्हा दार बंद झालेलं होतं, बाबा रुमालाने कपाळ पुसत होते. "झालं," ते म्हणाले. "व्यवस्थित झालं म्हणाल्या." मला तेवढं पुरलं.

संध्याकाळी सासूबाई वर आल्या. आईने अर्धवट डोळे उघडून विचारलं, "काय काढलं हो?" सासूबाईंनी मूठ उलटी धरली. "पिशवी काढली. अंडाशयं ठेवलीत. आता सुखाने झोपा." आई झोपली.

नंतरचे काही महिने आमच्या घराची पार दैना झाली. टाके भरले, रंग परतला, आणि मग आईला काहीतरी वेगळंच सुरू झालं. बोलता बोलता तोंड लालबुंद व्हायचं, घामाने पाठ भिजायची. थंडीच्या दिवसांत ती पंखा लावून आणि खिडक्या सताड उघड्या टाकून बसायची, आणि बाबा स्वतःच्या घरात कानटोपी घालून फिरायचे. झोप नाही. कपबशी फुटली तरी रडू, आणि बाबांनी "जाऊ दे" म्हटलं की कपबशीपेक्षा जास्त तुकडे बाबांचे. तिने सासूबाईंना विचारलं, हे ऑपरेशनचंच असेल का हो? सासूबाई ठामपणे म्हणाल्या, छे, अंडाशयं आहेत ना तुमची, तो प्रश्नच येत नाही. मन कशात तरी रमवा.

झालं. म्हणजे दोष मनाचाच. विहीणबाईंनी सांगितल्यावर डॉक्टरबाईंकडे जायचं काही कारणच उरलं नाही. आई तशी कुणापुढे वाकणारी बाई नव्हे, पण या गोष्टीने ती आतून खचली. आपलं डोकं फिरत चाललंय असं तिला खरंच वाटायला लागलं. तिच्या आत्याला म्हातारपणी भास व्हायचे, ते तिला रोज आठवायला लागलं. मग एक दिवस तिने दुकानात एक भारीतलं कापड चुकीच्या बाजूने कापलं. सगळी नक्षी उलटी गेली. दुसऱ्या दिवशी मालकांनी कात्री तिच्या हातून घेऊन पोरगेल्या सहकाऱ्याला दिली आणि तिला म्हणाले, तुम्ही जरा गिऱ्हाईक बघा. आईने घरी येऊन सांगितलं की महिनाअखेर ती काम सोडणार. बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मनाच्या डॉक्टरांचा कुणाचा नंबर आहे का.

ते ऐकून मला रडू आलं होतं. आईच्या हातातून कात्री गेली म्हणजे काय गेलं, ते बाबांना कळत नव्हतं.

त्याच आठवड्यात सासूबाई भर दुपारी घरी आल्या. चपला न काढता आत आल्या, यावरूनच मी ओळखलं की काहीतरी बिनसलंय. पाणी दिलं तर ते हातात धरून बसल्या. डॉक्टरबाईंनी हात धुता धुता सहज विचारलं होतं, तुमच्या विहीणबाई परत दाखवायला आल्या नाहीत त्या? त्रास होत असेल ना, दोन्ही अंडाशयं काढावी लागली, गाठींना पार चिकटून गेली होती. गोळ्या सुरू करायला हव्यात. त्यांच्या मिस्टरांना मी तेव्हाच दारात सांगितलं होतं.

"मी फळ्यावर सकाळी वाचलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तेच सांगितलं. ट्रे मी बघितलाच नव्हता. कुणाला विचारलंही नाही."

मी सोयीचा मार्ग सुचवला. म्हटलं, अहो आई, आपण तिला नुसतं डॉक्टरबाईंकडे नेऊ. गोळ्या सुरू होतील, बरं वाटेल. कोण कधी काय म्हणालं ते कशाला उकरायचं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसले. पण लगेच उठल्याही नाहीत. खूप वेळ तशाच बसून होत्या, आणि त्या काय गमावणार होत्या ते मला दिसत होतं. माझ्या आईच्या तोंडी त्यांच्याविषयी चांगली अशी एकच गोष्ट असायची. ती आज जाणार होती, आणि माझी आईच गावभर त्याची दवंडी पिटणार होती. मग वॉर्डातल्या बायका कुणाच्या भरवशावर झोपणार?

"चल," अखेर त्या म्हणाल्या.

आईच्या घरी दार उघडं, खिडक्या उघड्या, पंखा गरगर फिरतोय. बाबा कोपऱ्यात कानटोपी घालून पेपर वाचतायत. आई कामाचं सामान पिशवीत भरत होती. मापाची टेप, खडू, टाचण्यांची डबी. दुकानात परत देऊन यायचं होतं म्हणे. विहीण दिसताच तिने चेहरा सरळ केला, चहा टाकते म्हणाली. सासूबाईंनी तिला हाताला धरून बसवलं. आजवर त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," त्या म्हणाल्या. "तुमची अंडाशयं काढली आहेत. दोन्ही. हे जे होतंय ते त्याचं आहे. गोळ्या मिळतात. मी न बघता बोलले."

आईला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले, आणि मला वाटलं आता रडते, पण ती म्हणाली, "म्हणजे मी वेडी नाही झालेय?"

"नाही हो."

"नाही झालेय मी," तिने बाबांना सांगितलं. मग तिचा चेहरा बदलला. "तुम्ही म्हणालात, अंडाशयं आहेत. म्हणून मी गेले नाही डॉक्टरांकडे. इतके महिने! रमवा म्हणालात मन. मी दुकानातलं काम सोडतेय, विहीणबाई."

"हो," सासूबाई म्हणाल्या. सबब सांगितली नाही. फळ्याचं नाही, नियमाचं नाही, बदलीच्या बाईचं नाही. माझ्या ओठांवर सगळं आलं होतं, पण त्यांनी नजरेनेच मला थांबवलं.

मग आई बाबांकडे वळली. "आणि तुम्ही? तुम्हाला दाखवलं होतं ना बाहेर आणून?"

बाबांनी कानटोपी काढली. "डॉक्टरबाई दारात काहीतरी सांगत होत्या खरं. हेही काढावं लागलं, तेही काढावं लागलं. मी हो हो म्हणत होतो."

"आणि ट्रेमध्ये?"

"मी बघितलं नाही गं. मला नाही बघवलं. मी खिडकीतून बाहेर बघत होतो. तिथे एक झाड आहे."

आईने हळूच स्वतःची मूठ वळली, उलटी धरली, सासूबाई धरतात तशी, आणि त्यांच्यापुढे केली.

"एवढी होती का हो?"

मी सासूबाईंकडे बघत होते. त्या मुठीला उत्तर द्यायचं त्यांचं आयुष्यभराचं वळण. एक शब्द बोलल्या असत्या तरी आईला बरं वाटलं असतं, आणि तपासायला कुणी येणार नव्हतं.

"एवढी असते," त्या म्हणाल्या. "तुमची केवढी होती, मला माहीत नाही. मी बघितली नाही."

आईने मूठ मांडीवर ठेवली. "मी त्या पिशवीतूनच आणली हिला," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "आणि जाताना तिला आपलं असं कुणीच बघितलं नाही."

त्यानंतर ती रडली, आणि सासूबाई तिच्या शेजारी बसून राहिल्या. बाबा उठून एकेक खिडकी लावायला लागले. मग आईचा चेहरा लाल झालेला बघून त्यांनी त्या पुन्हा उघडल्या आणि कानटोपी न घालताच येऊन बसले. टेप, खडू आणि टाचण्यांची डबी आईने पिशवीतून काढून परत ड्रॉवरमध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई नेहमीच्या वेळेला कामावर गेल्या. थिएटरचं दार उघडून त्या ट्रे घेऊन बाहेर आल्या, तेव्हा बाकावरचा पेशंटचा नवरा उठला आणि लगेच खिडकीकडे वळला. सासूबाई तशाच उभ्या राहिल्या. आतून सिस्टर हाक मारत होत्या, मावशी, चला लवकर, पुढची केस आहे. त्या हलल्या नाहीत.

"इकडे बघा," त्या म्हणाल्या. "त्यांना बघता येत नाहीये."